मार्करचं पूर्ण नाव



सोलापुरात ‘स्क्वॅश’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे संत्र्याच्या सरबताची बाटली उभी राहते. मुंबईतली नोकरी संपवून २०१४ मध्ये मी गावी परत आलो, तेव्हा शेजारच्या आजोबांनी विचारलं, “तिकडं वेळ कसा घालवायचात?” मी म्हटलं, “स्क्वॅश खेळायचो.” ते जरा थांबले आणि म्हणाले, “प्यायचा असतो ना तो?”

त्यांची चूक नाही. हा खेळ आपल्याकडे रस्त्यावर, मैदानावर, शाळेच्या पटांगणात कधी आलाच नाही. तो राहिला लष्करी छावण्यांमध्ये आणि मोठ्या शहरांतल्या जुन्या क्लबांमध्ये. म्हणून आधी दोन वाक्यांत खेळ सांगतो. चार भिंतींची एक खोली, लांबी ९.७५ मीटर, रुंदी ६.४ मीटर. टेनिससारखी मध्ये जाळी नाही. दोन्ही खेळाडू एकाच खोलीत शेजारी शेजारी उभे राहतात आणि आळीपाळीने चेंडू समोरच्या भिंतीवर मारतात. भिंतीच्या पायथ्याशी पत्र्याची पट्टी असते, तिला ‘टिन’ म्हणतात. चेंडू तिच्यावर आदळला की खणकन आवाज होतो आणि गुण गेला. चेंडू पोकळ रबराचा, जेमतेम चोवीस ग्रॅमचा. गार असताना तो उसळतच नाही. पाच मिनिटं भिंतीवर बडवून आधी तो तापवावा लागतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या हॅरो नावाच्या शाळेतल्या मुलांनी हा खेळ सुरू केला. चेंडू दाबला जातो, चेपला जातो, म्हणून त्याचं नाव स्क्वॅश.

आज मात्र मला खेळाचे नियम सांगायचे नाहीत. एका मेळाव्याची गोष्ट सांगायची आहे.

मी पंचविशीत मुंबईला नोकरीला लागलो, ते साल १९७९. आमच्या कंपनीच्या वाट्याला एका जुन्या क्लबची काही सभासदत्वं होती, त्यातलं एक योगायोगाने माझ्याकडे आलं. सोलापूरच्या चाळीत वाढलेला मुलगा, पांढरी चड्डी, पांढरा शर्ट घालून त्या दगडी इमारतीत शिरलो तेव्हा हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. तिथे मला पहिल्या दिवशी रॅकेट धरायला शिकवलं ते क्लबच्या मार्करने.

मार्कर हा शब्द पुष्कळांना ठाऊक नसेल. नियमांच्या पुस्तकात मार्कर म्हणजे गॅलरीत बसून मोठ्याने गुण पुकारणारा माणूस. आपल्याकडच्या क्लबांत मात्र मार्कर म्हणजे सगळंच. सकाळी कोर्ट पुसायचं, रॅकेटचं गटिंग करायचं, नवख्याला शिकवायचं आणि एखाद्या सभासदाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळायचं. खेळायचं तेही असं, की साहेब हरले तरी लाज वाटू नये आणि जिंकले तरी संशय येऊ नये. हे सगळ्यात अवघड काम!

आमचे मार्कर निघाले माढा तालुक्यातले. माझं बोलणं ऐकून पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “साहेब, सोलापूरचं का?” बाराव्या वर्षी, १९५५ मध्ये, ते चुलत्याबरोबर मुंबईला आले आणि चेंडू गोळा करणारा पोऱ्या म्हणून क्लबात लागले. १९९८ मध्ये निवृत्त होऊन गावी परतले. म्हणजे एकूण त्रेचाळीस वर्षं. त्या काळात किती जणांना त्यांनी खेळ शिकवला असेल, याचा हिशेब कोणाकडेच नाही. मी त्यांना काका म्हणायचो. बाकी सगळे नुसत्या नावाने हाक मारायचे. सत्तर वर्षांचे सभासद मारायचे आणि त्यांची दहा वर्षांची नातवंडंही.

काकांचं वेगळेपण सांगण्यासाठी हे सांगत नाही. उलट या खेळाचा आपल्या उपखंडातला सगळा इतिहासच मार्करांचा आणि चेंडू गोळा करणाऱ्या पोरांचा आहे. हाशिम खान हे नाव जगभरच्या स्क्वॅशवाल्यांना पाठ असतं. पेशावरजवळच्या नवाकिल्ले गावचा हा मुलगा. वडील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबात नोकरीला. तिथली कोर्टं विटांची, वर छप्पर नाही. भिंतीवरून बाहेर गेलेला चेंडू हाशिमने आणून द्यायचा. साहेब लोक उन्हाच्या कडाक्याने आत गेले की हा अनवाणी कोर्टात उतरायचा आणि एकटाच खेळायचा. पुढे १९४२ मध्ये तो हवाई दलाच्या मेसमध्ये स्क्वॅश शिकवायला लागला. १९४४ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा झाली, ती आपल्या मुंबईत. हाशिम ती जिंकला. पुढची दोन वर्षंही त्यानेच जिंकली.

त्याच्याच नात्यातला अब्दुल बारी मुंबईत स्क्वॅश शिकवायचा. फाळणी झाली, हाशिम तिकडचा झाला आणि बारी इकडेच राहिला. १९५० मध्ये बारी इंग्लंडला जाऊन ब्रिटिश ओपनच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. त्या काळी ब्रिटिश ओपन म्हणजेच जगज्जेतेपद. ही बातमी पेशावरला पोचली तेव्हा हाशिमच्या मनात आलं, की या बारीला तर मी मुंबईत हरवलेलं आहे! मग खटपट झाली, पाकिस्तानी हवाई दलाने पाठिंबा दिला आणि १९५१ मध्ये हाशिम इंग्लंडला गेला. तेव्हा त्याचं वय सदतीसच्या आसपास होतं. नक्की जन्मतारीख त्यालाही ठाऊक नव्हती. अंतिम सामन्यात त्याने इजिप्तच्या महमूद अल करीमला ९-५, ९-०, ९-० असं हरवलं. इतर खेळाडू ज्या वयात रॅकेट खुंटीला टांगतात, त्या वयात या माणसाची कारकीर्द सुरू झाली. एकूण सात वेळा तो ब्रिटिश ओपन जिंकला. २०१४ मध्ये अमेरिकेत वारला तेव्हा तो शंभरीच्या घरात होता.

मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात युसूफ खान शिकवत. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या अनिल नायर या मुंबईच्या मुलाने १९६५ मध्ये ब्रिटिश ज्युनिअर ओपनचा ड्रायस्डेल करंडक जिंकला, पुढे हार्वर्डमध्ये शिकताना अमेरिकाही गाजवली. युसूफ खान नंतर अमेरिकेत सिॲटलला गेले आणि त्यांच्या मुली तिथल्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या. युसूफ खानांना खेळताना आपण गॅलरीतून पाहिलं आहे, असं काका अभिमानाने सांगायचे. “चेंडूला ते मारायचे न्हाईत, साहेब. नुसतं ढकलायचे. पण ढकलला की गेलाच.”

आता मेळाव्याकडे येतो. १९८४ मध्ये आमच्या क्लबातल्या पस्तिशी ओलांडलेल्या काही मंडळींनी एक गट सुरू केला. स्क्वॅशमध्ये पस्तिशीपासूनच ज्येष्ठांचा विभाग सुरू होतो, आणि मग दर पाच वर्षांनी पुढचा गट. चाळीस, पंचेचाळीस, पन्नास, असं करत जागतिक स्पर्धेत ऐंशीच्या पुढच्यांचाही विभाग असतो. मी १९८९ मध्ये या गटात दाखल झालो. २०२४ मध्ये गटाला चाळीस वर्षं झाली, म्हणून डिसेंबरात शनिवार-रविवार स्पर्धा आणि स्नेहमेळावा ठरला. शनिवारी सकाळपासून सामने, रात्री जेवण आणि गप्पा, रविवारी सकाळी अंतिम सामने आणि मग निरोप. कोणी बंगळुरूहून येणार, कोणी दुबईहून, कोणी आपल्या नातवाला घेऊन.

मी नाव कळवलं. सत्तरीच्या वरच्या गटात आम्ही चौघेच होतो. आमच्या डॉक्टरांकडे जाऊन छाती तपासून घेतली, कारण हा खेळ म्हाताऱ्या माणसाशी गोडीगुलाबीने वागत नाही. १९८० च्या दशकात ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी स्क्वॅश खेळताना किंवा खेळल्यावर लगेच अचानक मरण पावलेल्या साठ जणांचा अभ्यास केला होता. एक सोडून सगळे पुरुष, सरासरी वय शेहेचाळीस. बहुतेकांना हृदयविकार होता आणि कित्येकांना आधी छातीत दुखण्यासारखी सूचनाही मिळालेली होती. पण ‘एवढं काय त्यात’ म्हणून ते खेळले. तेव्हापासून जाणती मंडळी सांगतात, तब्येत कमावण्यासाठी स्क्वॅश खेळू नका, स्क्वॅश खेळण्यासाठी आधी तब्येत कमवा. आमच्या गटात तर नियमच आहे. डॉक्टरांची चिठ्ठी नसेल आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा नसेल तर कोर्टात पाऊल टाकायचं नाही. चेंडू एवढासा असतो, तो डोळ्याच्या खोबणीत नेमका बसतो.

चिठ्ठी मिळाली. मग सहज निमंत्रितांची यादी वाचली. शंभरावर नावं होती. हयात सभासद, दिवंगत सभासदांच्या पत्नी, पूर्वीचे सेक्रेटरी, बक्षिसं देणारे पुरस्कर्ते. काकांचं नाव नव्हतं.

मी मुंबईला फोन केला. संयोजक माझा जुना मित्र, मनाने चांगला. तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, “अरे, सुचलंच नाही रे.” त्यात खोटं काही नव्हतं. खरोखरच कोणाला सुचलं नव्हतं. चाळीस वर्षांचा इतिहास लिहिताना ज्याने सगळ्यांना हात धरून शिकवलं तो माणूस कोणाच्या डोक्यातच आला नाही. आणि खरं सांगायचं तर, यादी हातात पडेपर्यंत मलाही सुचलं नव्हतं. काका माझ्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर राहतात. दहा वर्षांत मी त्यांच्याकडे दोनदा गेलो होतो.

“त्यांना घेऊन ये,” मित्र म्हणाला. “फक्त एक आहे, जेवणाच्या हॉलमध्ये सभासद आणि त्यांचे पाहुणे एवढ्यांनाच परवानगी असते. तू त्यांना तुझा पाहुणा म्हणून आण.”

शुक्रवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मी सोलापूरहून निघालो. बरोबर टॉवेलांचा एक गठ्ठा होता. स्क्वॅशवाल्याला घाम पुसायला टॉवेलाइतकी गरजेची दुसरी वस्तू नाही आणि सोलापूरच्या माणसाने भेट म्हणून दुसरं काय न्यावं? आपल्या चादरीला आणि टॉवेलाला भौगोलिक मानांकन आहे, हेही तिथे सांगायचं होतंच. कुर्डुवाडीला काका चढले. वय एक्याऐंशी, धोतर, पांढरा सदरा, टोपी आणि खांद्याला पिशवी. पिशवीत शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. मुलगा सोडायला आला होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “आण्णा आठ दिवस झोपले न्हाईत बघा.”

शनिवारी सकाळी क्लबाच्या मुख्य दारातून आम्ही आत गेलो. काका पायरीवर थबकले. “साहेब, आपण मागच्या बाजूनं जाऊ की,” म्हणाले. त्रेचाळीस वर्षं ते मागच्याच दारानं जात-येत होते. मी त्यांचा हात धरला. आत टेबलावर पाहुण्यांची नोंदवही होती. सभासदाचं नाव, पाहुण्याचं नाव, वेळ, सही. मी माझं नाव लिहिलं आणि पुढच्या रकान्यापाशी पेन थांबलं. या इमारतीत माझी हजेरी पस्तीस वर्षांची आणि त्यांची त्रेचाळीस. तरी वहीत मी सभासद आणि ते पाहुणे. दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. त्यांचं पूर्ण नाव मला ठाऊक नव्हतं. एकाच जिल्ह्याचे आम्ही, पंचेचाळीस वर्षांची ओळख, आणि मी त्यांनाच विचारलं, “काका, आडनाव काय लिहू?”

त्यांनी सांगितलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मला मात्र दिवसभर ते टोचत राहिलं.

सामने झाले. माझा पहिलाच सामना मी हरलो. पहिला गेम जिंकलो होतो, पण दुसऱ्यात पाय भरून आले. मधल्या वेळेत काका गॅलरीतून खाली वाकून म्हणाले, “साहेब, पाय हलंना तर डोकं तरी हलवा की. उंच मारा, मागं मारा, त्याला पळवा.” मी तसं केलं आणि तिसरा गेम जरा लांबला एवढंच! पण घाम पुसताना मन पंचविशीत जाऊन आलं होतं. स्नेहमेळाव्याला माणसं एवढ्याचसाठी येतात. जिंकायला फार थोडे आलेले असतात.

गॅलरीच्या भिंतीवर विजेत्यांच्या नावांचा मोठा लाकडी फलक आहे. सोनेरी अक्षरं, वर्षं, नावं. काका त्याच्यापुढे बराच वेळ उभे होते. मी जवळ गेलो तर ते एकेका नावावर बोट ठेवून सांगत होते, “हे डावखुरे. ह्यांचा बॅकहँड मी दोन वर्षं घासून घेतला. ह्यांना पाठीचं दुखणं, तरी खेळायचे. हे फार चिडायचे, रॅकेट आपटायचे, मग मलाच गटिंग करावं लागायचं.” सबंध फलक त्यांना तोंडपाठ होता. त्या फलकावर ते स्वतः कुठेच नव्हते.

मला आपल्या सोलापुरातल्या तालमी आठवल्या. कोणत्याही तालमीत जा. आत शिरल्यावर समोर मारुती आणि शेजारी वस्तादांचा फोटो, त्याला हार. पहिलवान आखाड्यात उतरण्याआधी मातीला नमस्कार करतो आणि मग वस्तादांच्या पाया पडतो. कुस्ती कोणी मारली हे दहा वर्षांनी लोक विसरतात, पण अमुक वस्तादांची तालीम हे नाव राहतं. तालमीजवळ पैसा नसेल, पण एवढी रीत आहे. आणि आमच्या क्लबाकडे बर्मी सागवानाचा फलक होता, सोनेरी अक्षरं होती, फक्त ही रीत नव्हती.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी भाषणं झाली. मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी टॉवेल वाटले आणि तालमीची ही गोष्ट सांगितली. कोणावर टीका केली नाही. नोंदवहीपाशी माझं पेन कसं थांबलं, तेवढं मात्र सांगितलं. हॉलमध्ये थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग आमच्यातला एक जण उठला. एकेकाळी रॅकेट आपटणारा तोच तो. तो म्हणाला, “फलकावर आणखी एक रांग करू या. मार्करांची. जेवढे होऊन गेले तेवढ्या सगळ्यांची.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लगेच कागद मागवला. आणि तिथेच खरी अडचण कळली. जुने मार्कर आठवत होते पुष्कळांना, पण कोणाचंच पूर्ण नाव कोणाला येईना. ‘तो उंच’, ‘तो मिशीवाला’, ‘तो विड्या ओढणारा’, एवढंच. शेवटी कागद काकांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि सामन्यांच्या वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. सातवी पास माणसाचं मोठं, सुटं अक्षर. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. कोणी साताऱ्याचा, कोणी रत्नागिरीचा, दोघे उत्तर प्रदेशातले. अकरा जण झाले. तिघांची आडनावं त्यांनाही आठवेनात. “गावाकडं विचारतो,” म्हणाले, “एकाचा पुतण्या पंढरपुरात असतो.” स्वतःचं नाव त्यांनी सगळ्यात शेवटी लिहिलं, तेही मित्राने आठवण केल्यावर.

रविवारी सकाळी अंतिम सामन्याला गॅलरीत मार्करच्या खुर्चीवर काका बसले. हल्ली अकरा गुणांचा गेम असतो आणि प्रत्येक फेरीला गुण मिळतो. त्यांच्या काळात नऊ गुणांचा होता आणि सर्व्हिस असेल त्यालाच गुण. ते एकदा विसरले, दोनदा विसरले, शेजारच्या मुलीने हळूच सांगितलं. पण आवाज तोच होता. “लेट!” असं ते ओरडले तेव्हा खाली उभ्या असलेल्या पन्नाशीच्या त्या दोन गृहस्थांनी शाळकरी पोरांसारखं मुकाट्याने ऐकलं.

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या बैठकीत, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्क्वॅश घ्यायचं ठरलं. ज्या शहरात हाशिम खान १९४४ मध्ये पहिली स्पर्धा जिंकला, त्याच शहरात हा निर्णय व्हावा याचं मला फार अप्रूप वाटलं. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने सुवर्णपदक मिळवलं, त्यात आपला मुंबईचा महेश माणगावकर होता. आता या खेळात पैसा येईल, काचेची कोर्टं येतील, परदेशी प्रशिक्षक येतील. आनंद आहे. पण या खेळाचा चेंडू कोणी कोणी गोळा केला, हेही कुठेतरी लिहून ठेवायला हवं. ते सांगू शकणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत.

श्रोतेहो, तुमच्या गावात स्क्वॅशचं कोर्ट नसेलही. पण कॅरमचं मंडळ असेल, बॅडमिंटनचा हॉल असेल, पोहण्याचा तलाव असेल, शाळेचं मैदान असेल. तिथे पहाटे दार उघडणारा, जाळी बांधणारा, मैदानावर चुन्याच्या रेषा मारणारा एक माणूस असतोच. त्याला तुम्ही रोज हाक मारता. एकदा त्याचं पूर्ण नाव विचारा आणि लिहून ठेवा.

परवा काकांचा फोन आला होता. तीन आडनावांपैकी दोन मिळाली. तिसऱ्यासाठी येत्या आषाढीला ते पंढरपूरला जाणार आहेत. मी म्हटलं, या वेळी मीही येतो.